‘सनराइज ऑन द रीपिंग’ वाचताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘द हंगर गेम्स’ मालिकेतल्या हेमिच ॲबरनॅथीची गोष्ट सांगणारी सुझन कॉलिन्स यांची कादंबरी १८ मार्च २०२५ रोजी आली आणि पहिल्याच आठवड्यात इंग्रजीत सुमारे १५ लाख प्रती खपल्या. या पुस्तकाबद्दल लोक दोनदा प्रश्न विचारतात. एकदा हातात घेण्यापूर्वी, आणि एकदा ते संपवून सुन्न बसल्यावर. म्हणून इथे दोन भाग केले आहेत. पहिल्या भागात या पुस्तकाचे स्पॉयलर नाहीत. मूळ तीन पुस्तकांतल्या गोष्टी मात्र गृहीत धरल्या आहेत.

वाचण्यापूर्वी

हे पुस्तक नेमकं कुणाचं आणि कधीचं?

मूळ त्रयीची नायिका कॅटनिस एव्हरडीन ७४व्या हंगर गेम्समध्ये, म्हणजे मुलांना एकमेकांना मारायला लावणाऱ्या खेळांत उतरते. ही गोष्ट त्याच्या २४ वर्षं आधीची, म्हणजे ५०व्या खेळांची. दर २५ वर्षांनी येणाऱ्या खेळांना ‘क्वार्टर क्वेल’ म्हणतात आणि त्या वर्षी कॅपिटॉल हे पॅनेम देशाचं सत्ताधारी शहर जास्तीचा एखादा क्रूर नियम काढतं. दुसऱ्या क्वेलचा नियम असा की प्रत्येक डिस्ट्रिक्टने दुप्पट मुलं पाठवायची, दोन मुली आणि दोन मुलगे. बारा डिस्ट्रिक्ट, ४८ मुलं, आणि जिवंत परतणार एक.

हेमिच तेव्हा सोळा वर्षांचा आहे. डिस्ट्रिक्ट १२ मधल्या सीम या गरीब वस्तीत आई आणि दहा वर्षांचा भाऊ सिड यांच्याबरोबर राहतो. वडील खाणीत मरण पावलेत. त्याचा जीव लेनोर डव्ह नावाच्या गाणाऱ्या मुलीवर जडलाय. आणि त्याचा वाढदिवस नेमका रीपिंगच्या, म्हणजे खेळांसाठी चिठ्ठ्या काढून मुलं निवडण्याच्या दिवशी येतो. मालिकेत आपल्याला भेटणारा हेमिच दारूत बुडालेला आणि तुसडा आहे, त्यामुळे हा कामसू, प्रेमात पडलेला, भावाची काळजी घेणारा पोरगा पहिल्या पानापासून चटका लावतो.

शेवट माहीत असताना हे वाचायचं कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि रास्त आहे. हेमिच जिंकणार हे आपल्याला ‘कॅचिंग फायर’पासून ठाऊक आहे. कसा जिंकणार हेसुद्धा. जिंकल्यावर दोन आठवड्यांत त्याची आई, भाऊ आणि प्रेयसी मारले गेले, हे तो मूळ त्रयीत स्वतःच्या तोंडाने सांगतो. मग उरलं काय?

माझ्या मते उरलं तेच मोठं आहे. अभिमन्यू चक्रव्यूहातून परत येणार नाही हे माहीत असूनही आपण ते आख्यान दर वेळी कान देऊन ऐकतो, कारण आत गेल्यावर तो काय करतो याला मोल असतं. इथेही तसंच. सिड धावत येऊन काही विचारतो, लेनोर डव्ह हसते, आई वाढदिवसाला काही देते, आणि प्रत्येक साध्या गोष्टीवर आपलं ठाऊक असणं सावलीसारखं पडतं. हेमिच पुढचे बेत आखतो तेव्हा वाचणारा एकटाच असा आहे, ज्याला ते कुठे जाऊन संपणार हे माहीत आहे. त्याला थांबवावंसं वाटतं आणि थांबवता येत नाही.

शिवाय कॉलिन्स इथे एक हुशार खेळी करतात. आपल्याला जो शेवट ठाऊक आहे असं वाटतं, तो कॅपिटॉलने दाखवलेला शेवट आहे. खरं काय झालं ते कुणीच पाहिलेलं नाही. त्यामुळे हेमिच मरतो की जगतो हा प्रश्न सुरुवातीलाच बाजूला पडतो आणि त्याच्याबद्दल आपल्याला काय काय कळू दिलं नाही, याकडे लक्ष लागतं. पूर्वकथा लिहिणाऱ्यांपुढे वाचकाला शेवट माहीत असणं ही अडचण असते. इथे तीच लेखिकेच्या कामी आली आहे.

कोणत्या क्रमाने वाचू?

प्रकाशनाच्या क्रमाने. ‘द हंगर गेम्स’ (२००८), ‘कॅचिंग फायर’ (२००९), ‘मॉकिंगजे’ (२०१०), मग ‘द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स’ (२०२०) आणि शेवटी हे.

घटनाक्रमाने वाचायचा मोह अनेकांना होतो, म्हणजे आधी १०वे खेळ, मग ५०वे, मग ७४वे. नव्या वाचकाने तसं करू नये असं मी ठामपणे सांगेन. हेमिचचं दुःख तुम्हाला आधी भेटलं, तर कॅटनिसच्या गोष्टीतला दारुडा मेंटॉर तुमच्यासाठी कोडं राहत नाही. आणि त्याच्याबद्दल आधी राग, मग कुतूहल, मग माया वाटणं हा प्रवास मूळ त्रयीचा अर्धा जीव आहे. मालिका एकदा वाचून झाली असेल तर दुसऱ्या वेळी घटनाक्रम खुशाल लावून बघा. तेव्हा तो वेगळंच काही दाखवतो.

मी फक्त सिनेमे पाहिलेत. चालेल?

गोष्ट समजेल, पण बराच ऐवज हुकेल. ‘कॅचिंग फायर’ पुस्तकात कॅटनिस आणि तिचा जोडीदार पीटा कॅपिटॉलला नेणाऱ्या गाडीत रात्री बसून ५०व्या खेळांची टेप बघतात. हा प्रसंग सिनेमात नाही. म्हणजे हेमिच कसा जिंकला हे सिनेमावाल्यांना कळलेलंच नसतं, आणि हे नवं पुस्तक तर त्या टेपला दिलेलं उत्तर आहे.

दुसरी गोष्ट मॉकिंगजे पक्ष्याच्या पिनची. सिनेमात ती कॅटनिसला बाजारात मिळते. पुस्तकात मेयरची मुलगी मॅज ती तिला देते, आणि पुढे कळतं की ती मॅजच्या मावशीची होती. या मावशीचं नाव मेसिली डॉनर. ती ५०व्या खेळांत हेमिचबरोबर होती. नव्या पुस्तकातलं माझ्या लेखी सर्वात जिवंत पात्र हेच. निदान ‘कॅचिंग फायर’ आधी वाचाच.

‘बॅलड’ वाचलंच पाहिजे का?

वाचलंत तर दोन गोष्टी उजळतात. लेनोर डव्ह ज्या कव्ही जमातीची आहे, ती फिरस्त्या गायकांची जमात ‘बॅलड’मध्ये नीट भेटते. आणि प्रेसिडेंट स्नोला लेनोर डव्हसारख्या मुलीचं नाव ऐकून आतून काय होत असेल, हे तिथूनच समजतं. ‘बॅलड’ जड वाटलं म्हणून अर्ध्यात सोडलं असेल तर तेवढ्यासाठी अडून बसू नका. ते तृतीयपुरुषी, थंड डोक्याच्या स्नोच्या नजरेतून लिहिलेलं आहे. हे पुस्तक हेमिच स्वतः, वर्तमानकाळात सांगतो, त्यामुळे पहिल्या त्रयीच्या चालीने भराभर जातं.

इंग्रजी अवघड आहे का?

नाही. वाक्यं आखूड, संवाद भरपूर. एकच ठिकाण असं आहे जिथे अडखळायला होतं. एडगर ॲलन पो यांची १८४५ सालची ‘द रेव्हन’ ही कविता पुस्तकभर येत राहते. लेनोर हे नावच त्या कवितेतलं. शेवटाकडे तिची कडवीच्या कडवी येतात आणि काही वाचक ती गाळून पुढे जातात. तसं करू नका. कादंबरी सुरू करण्यापूर्वी ती कविता एकदा वाचून ठेवा, मोठ्याने वाचली तर उत्तम. मेलेल्या प्रेयसीसाठी झुरणारा माणूस आणि ‘पुन्हा कधीच नाही’ एवढंच बोलणारा पक्षी. इतकं डोक्यात असलं की शेवटच्या प्रकरणांत हेमिचच्या मनाचं काय चाललंय ते वेगळं सांगावं लागत नाही.

किती रडवतं? मुलांना द्यावं का?

मालिकेतलं सर्वात दुःखद पुस्तक हेच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. हिंसा ‘मॉकिंगजे’तही आहे, पण तिथे शेवटी हाताला काहीतरी लागतं. इथे लहान मुलांचे मृत्यू जवळून दाखवलेत आणि त्यातले काही फार यातनामय आहेत.

माझं मत विचाराल तर साधारण तेरा-चौदा वर्षांपासून, आणि मूळ त्रयी वाचून पचवलेली असेल तरच. पालकांनी आधी स्वतः वाचावं. मुलांना अशा गोष्टी झेपत नाहीत असं मला वाटत नाही, पण वाचून झाल्यावर बोलायला घरात कुणीतरी हवं. नुकतंच घरचं माणूस गेलं असेल, तर मोठ्यांनीही हे पुस्तक काही महिने लांबणीवर टाकावं. शेवटचा भाग शोकाबद्दल आहे आणि तो वाचणाऱ्याला अजिबात सोडत नाही.

सिनेमा येतोय ना? मग थांबू का?

चित्रपटाची जाहीर झालेली तारीख २० नोव्हेंबर २०२६ आहे, दिग्दर्शक फ्रान्सिस लॉरेन्स. हेमिचच्या भूमिकेत जोसेफ झाडा, लेनोर डव्ह व्हिटनी पीक आणि स्नो रेफ फाइन्स. थांबू नका. ही गोष्ट हेमिचच्या डोक्यात घडते आणि कॅमेरा किती खोटं बोलू शकतो हाच तिचा विषय आहे. ती आधी कागदावर वाचलेली बरी.

वाचून झाल्यावर

इथून पुढे सगळे स्पॉयलर आहेत. पुस्तक संपलं नसेल तर इथेच थांबा.

टेपमध्ये दाखवलेलं आणि या पुस्तकातलं जुळत नाही. लेखिका विसरली का?

अजिबात नाही. हेच तर पुस्तकाचं मर्म. ‘कॅचिंग फायर’मधली टेप आठवा. सुंदर कुरण, विषारी फुलं, मांस खाणाऱ्या सोनेरी खारी, फुटणारा डोंगर, आणि एकटाच, कुणाशी फारसं देणंघेणं नसलेला, हुशारीने तगून राहिलेला हेमिच. आता खरं काय घडलं ते बघा. त्याने इतर डिस्ट्रिक्टच्या मुलांशी संधान बांधलेलं होतं. बीटी या जुन्या विजेत्याच्या सांगण्यावरून ॲरिनाची, म्हणजे खेळांच्या मैदानाची, यंत्रणाच बुडवून टाकायचा बेत होता आणि त्यासाठी तो जिवावर उदार झाला होता. टेपमध्ये यातलं काहीच नाही. कापून, जोडून, क्रम बदलून त्यांनी एक स्वार्थी, बेरकी पोरगा तयार केला आणि तोच पुढे सगळ्या पॅनेमला ठाऊक झाला.

ही काटछाट ॲरिनात सुरू होत नाही, रीपिंगच्याच दिवशी सुरू होते. हेमिचचं नाव चिठ्ठीत निघालेलंच नसतं. ज्याचं निघालं तो मुलगा पळायला जातो आणि गोळी खाऊन पडतो. गोंधळात लेनोर डव्हला वाचवायला हेमिच मध्ये पडतो, म्हणून शिक्षा म्हणून त्यालाच उभं करतात. आणि मग सगळं कॅमेऱ्यासाठी पुन्हा घडवून आणतात, जणू त्याचंच नाव निघालं होतं. रक्त सांडून काही क्षण झालेत आणि लोक आपापल्या जागी उभे राहून खोटा प्रसंग वठवतात. हे मला प्रत्यक्ष खेळांपेक्षा भयंकर वाटलं.

पुस्तक जाहीर झालं तेव्हा कॉलिन्स यांनी अठराव्या शतकातला तत्त्ववेत्ता डेव्हिड ह्यूम याचा उल्लेख केला होता. मूठभर लोक बहुसंख्यांवर इतक्या सहज राज्य कसं करतात, हा त्याचा प्रश्न. चौकातल्या या प्रसंगात त्याचं एक उत्तर मिळतं. बंदुका थोड्या असतात. काय घडलं हे ठरवण्याचा हक्क एकाच हातात असतो, आणि बाकीचे भीतीपोटी ते मान्य करून टाकतात.

लुएलाचा प्रसंग इतका का लागतो?

कारण तिथे हेमिच जे करतो ते खरंच धाडसाचं आहे आणि तरी त्याचा मागमूसही राहत नाही. तेरा वर्षांची लुएला मॅकॉय, त्याची शेजारीण, त्याच्यासाठी धाकट्या बहिणीसारखी. खेळ सुरू होण्यापूर्वीच, रथांच्या मिरवणुकीतल्या अपघातात जाते. हेमिच तिचं शव उचलतो, स्नोच्या सज्जासमोर नेऊन ठेवतो आणि टाळ्या वाजवतो. ही मुलगी तुम्ही मारलीत, घ्या श्रेय, असं तो शब्द न उच्चारता सांगतो.

आणि प्रेक्षकांना काय दिसतं? काहीच नाही. उलट लुएलासारखी दिसणारी, औषधांच्या अमलाखाली ठेवलेली दुसरी एक मुलगी तिच्या जागी आणून उभी करतात. तिला सगळे लू लू म्हणू लागतात. ती बिचारी कुणाची, कुठली, तिचं खरं नाव काय, हे तिलाही नीट सांगता येत नाही. एका मुलीचा मृत्यू चोरला आणि दुसरीचं जगणं. मला वाटतं, पुस्तकातला सर्वात मोठा गुन्हा हाच आहे, आणि हेमिच लू लूशी शेवटपर्यंत मायेने वागतो यातच तो कोण आहे ते कळतं.

ओळखीची पात्रं जरा जास्तच झाली नाहीत का?

थोडी झालीत, हो. एफी ट्रिंकेट, प्लुटार्क, बीटी, मॅग्ज, वायरेस, कॅटनिसचे आईवडील. एफीचं येणं मला ओढूनताणून आणल्यासारखं वाटलं. बाकीच्यांबद्दल मात्र लेखिकेच्या बाजूने बोलेन. बीटीला बंडाची शिक्षा म्हणून त्याच्याच मुलाला, लहानग्या ॲम्पर्टला खेळात पाठवलंय आणि बापाने मुलाच्या तयारीला हजर राहायचं. हे कळल्यावर मूळ त्रयीतला चष्मा सावरत तारा जोडणारा बीटी पुन्हा पहिल्यासारखा दिसत नाही. प्लुटार्कवर विश्वास ठेवावा की नाही, ही हेमिचची घालमेलही मोलाची आहे. कॅमेरा त्याच्या हातात आहे, आणि तो मनाने दुसऱ्या बाजूचा आहे. दोन्ही खरं.

कॅटनिसचे वडील हेमिचचे जिवलग मित्र होते, तर तिने तीन पुस्तकांत कधी उल्लेख कसा केला नाही?

तिला माहीतच नव्हतं. सगळं गमावल्यावर हेमिचच्या ध्यानात येतं की जो जवळ येईल तो मरेल. म्हणून बर्डॉक एव्हरडीनला तो दगड मारून हाकलून लावतो, कॅटनिसच्या आईला, ॲस्टरिडलाही दूर सारतो. पुढे बर्डॉक खाणीत मेला तेव्हा कॅटनिस अकरा वर्षांची होती. मित्राची मुलगी त्याच गावात उपाशी राहत होती आणि हा दारूच्या धुंदीत घराबाहेर पडत नव्हता. हे कळल्यावर काही वाचकांना हेमिचचा राग येतो. मला तो राग बरोबर वाटतो. दुःखाने त्याला चांगला माणूस बनवलं नाही, निकामी केलं, आणि लेखिका ते झाकत नाही.

लेनोर डव्हचा शेवट इतका क्रूर करायची गरज होती का?

इथे मी बराच वेळ अडून होतो. आई आणि सिड आगीत गेले आहेत. ती तुरुंगातून सुटून कुरणात भेटते. सगळं संपलं तरी ही उरली, असं क्षणभर वाटतं. मग तो तिला गमड्रॉपची गोळी भरवतो. स्वतःच्या हाताने. आणि त्यात विष असतं.

स्नो तिला कसाही मारू शकला असता. हेमिचच्या हातून मारलं की हेमिच आयुष्यभर स्वतःला माफ करणार नाही, हे त्याला नेमकं ठाऊक आहे. विजेत्याला जिवंत ठेवून संपवण्याची ही रीत आहे. त्यामुळे माझं उत्तर, हो, गरज होती. याहून सौम्य काही असतं तर त्या दारूच्या बाटलीचं वजन आपल्याला कळलं नसतं. मरताना ती त्याच्याकडून वचन घेते की पुन्हा कधी रीपिंगच्या दिवशी सूर्य उगवू देऊ नकोस. शीर्षक तिथलं.

मग हेमिचचं बंड फसलंच म्हणायचं?

त्या वर्षी फसलं. ॲरिना बंद पडला नाही, मुलं मेली, आणि लोकांना पत्ताही लागला नाही. पण २५ वर्षांनी तिसऱ्या क्वेलमध्ये काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. पुन्हा बीटी, पुन्हा ॲरिना मोडण्याचा बेत, आतून मदत करणारा पुन्हा प्लुटार्क, आणि बाहेरून सूत्रं हलवणारा हेमिच. या वेळी बाण सुटतो आणि ॲरिना कोसळतो. तीच माणसं, तोच डाव.

हे दिलासा देणारं आहे का? थोडंफार. मधल्या काळात दर वर्षी डिस्ट्रिक्ट १२ ची दोन मुलं त्याच्या डोळ्यांदेखत मरायला गेली. ॲरिना पडल्यानेही ती परत येत नाहीत.

उपसंहार वाचून बरं वाटावं की वाईट?

मला बरं वाटलं. कॅटनिस हंसाची अंडी आणते, हेमिच ती उबवून पिल्लं वाढवतो. लेनोर डव्ह हंस पाळायची. ‘मॉकिंगजे’च्या शेवटी हेमिच हंस पाळू लागल्याचा ओझरता उल्लेख होता आणि तेव्हा तो आपण हसून सोडून दिला होता. पंधरा वर्षांनी त्याचा अर्थ लागतो.

आता पुढे काय वाचू?

नवीन काही घेऊ नका. ‘कॅचिंग फायर’ काढा. गाडीतला टेपचा प्रसंग वाचा, आणि टेप संपताना हेमिच मागे येऊन उभा राहतो तिथे थांबून विचार करा की तो नेमकं काय पाहत असेल. मग कॅटनिस त्याला सांगते ते वाचा, की मला साथीला मॅग्ज, वायरेस आणि बीटी हवेत. मॅग्ज आणि वायरेस म्हणजे ५०व्या खेळांत हेमिचला सांभाळणाऱ्या त्याच्या दोन मेंटॉर. कॅटनिस हे जाणत नाही. तो त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. पुढे मॅग्ज स्वतःहून विषारी धुक्यात चालत जाते आणि वायरेस ॲरिनाचं कोडं सोडवून मारली जाते, तेव्हा कॅपिटॉलमध्ये पडद्यासमोर बसून ते पाहणाऱ्यांत हेमिचही आहे. पहिल्या वाचनात त्या प्रकरणांत मी त्याचा विचारही केला नव्हता.